जुन्या घराच्या चिमणीची तपासणी: न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचा अनुभव

न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत, समुद्रापासून थोड्याच मैलांवर आमचं घर आहे. १९२७ सालचं. लाकडी सांगाडा, खाली तळघर, आणि पूर्वेच्या भिंतीला लागून छपराच्याही वर गेलेली विटांची चिमणी. या एप्रिलमध्ये त्या चिमणीची माणूस बोलावून, आत कॅमेरा सोडून रीतसर तपासणी करून घेतली. ३५० डॉलर लागले. या घरावर आम्ही केलेल्या खर्चात याच्याइतका शहाणपणाचा खर्च दुसरा नाही, असं मला वाटतं.

तपासणी करणारी कंपनी लहान आहे. बापलेक दोघंच, दोन काउंट्यांपुरतं काम करतात. त्यामुळे त्यांचं नाव सांगून बाकीच्यांना फारसा उपयोग नाही. त्यांनी काय पाहिलं आणि कसं पाहिलं, ते मात्र सविस्तर लिहिते. किनाऱ्याकडच्या गावांत आपल्या ओळखीपाळखीच्या कितीतरी जणांनी अशी जुनी घरं घेतली आहेत. चिमणीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही लाकडं जाळतच नाही." फायरप्लेस वापरत नसाल, पण तळघरातला गॅसचा वॉटर हीटर किंवा घर गरम ठेवणारा जुना फर्नेस धूर कुठून सोडतो ते एकदा खाली जाऊन बघा. पत्र्याचा पाइप विटांच्या भिंतीत शिरताना दिसला, तर तुमची चिमणी बाराही महिने चालू आहे.

वादळांचं म्हणाल तर या पट्ट्यात काळ सँडी चक्रीवादळाच्या आधीचा आणि नंतरचा असाच मोजतात. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री ते ब्रिगँटीनजवळ किनाऱ्याला लागलं. पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये इसायस आलं, २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडाचा उरलासुरला पाऊस कोसळला. पण चिमणीची खरी वाट लावतात ती हिवाळ्यातली नॉरईस्टर वादळं. ईशान्येचा वारा तास न् तास पाऊस आडवा मारत राहतो. एरवी छपरावरून वाहून जाणारं पाणी विटांच्या अंगात मुरतं, आणि मागोमाग थंडी पडते. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, त्या दाबाने विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. एका हिवाळ्यात असं गोठणं-वितळणं पुन्हा पुन्हा होतं. चिमणीचा छपरावरचा भाग चारही बाजूंनी उघडा, खालून घराची ऊबही तिथवर पोचत नाही, म्हणून सगळ्यात आधी तोच झिजतो.

आमच्याकडे फेब्रुवारीतल्या एका वादळानंतर वरच्या बेडरूममध्ये चिमणीलगत छताला पिवळट डाग उमटला आणि पन्हळीत विटांच्या ढलप्या सापडल्या. त्याच आठवड्यात एक माणूस पिकअपमधून उतरून दारात आला. रस्त्यावरून बघूनच त्याने निदान केलं होतं: "तुमची चिमणी पडायला आलीय, आज ठरवलंत तर ७,००० डॉलरमध्ये करून देतो." वादळानंतर असे लोक गल्लोगल्ली फिरतात. छपरावर न चढता, आत न डोकावता जो आकडा सांगतो त्याला दारातूनच निरोप द्यावा. आम्ही दिला. मग छपराचं काम करणाऱ्याला बोलावलं. त्याने फ्लॅशिंग, म्हणजे चिमणी आणि छप्पर यांच्या सांध्यावरचा पत्रा, सुटल्याचं सांगितलं. ते बरोबरच निघालं. पण धुराड्याच्या आत काय आहे हे त्याच्या कामात येत नाही, आणि तसं त्याने सरळ सांगितलं.

या बापलेकांना फोन केला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच माझा विश्वास बसला, कारण किंमत सांगण्याआधी वडिलांनी प्रश्न विचारले. घर किती सालचं? चिमणीत काय काय सोडलंय? तुम्ही घर घेतल्यापासून फर्नेस बदललाय का? वादळानंतर काही पडलेलं दिसलं का? इथे एनएफपीए, म्हणजे आगीपासून संरक्षणाचे नियम ठरवणारी अमेरिकन संस्था, तिचं २११ क्रमांकाचं मानक आहे, त्यात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. लेव्हल वन म्हणजे दरवर्षीची, सहज हात पोचेल तेवढीच पाहणी. घराची विक्री झाली, उपकरण किंवा इंधन बदललं, चिमणीत आग लागली, किंवा वादळासारख्या घटनेने नुकसान झालं असण्याची शक्यता असली, तर लेव्हल टू. यात कॅमेऱ्याने धुराडं आतून बघतात, माळ्यावर आणि घराखाली जाऊन चिमणीची बाहेरची बाजूही बघतात. लेव्हल थ्रीमध्ये तोडफोड करून आत शिरावं लागतं, ती क्वचितच लागते. आमच्या उत्तरांवरून लेव्हल टू ठरली. दारातल्या त्या माणसाने यातला एकही शब्द उच्चारला नव्हता.

त्या दिवशी माझे बाबा घरी होते, चिपळूणहून उन्हाळ्यापुरते आलेले. सार्वजनिक बांधकाम खात्यात सारी नोकरी झालेली, त्यामुळे विटा-चुन्याचं काम चालू असताना ते आत बसणं शक्यच नव्हतं. मुलगा शिडी लावून छपरावर गेला. खाली वडील टॅब्लेट घेऊन उभे, वरून येणारा प्रत्येक फोटो आम्हाला दाखवत होते. सगळ्यात वरचा क्राउन, म्हणजे चिमणीच्या माथ्यावर उताराचा काँक्रीटचा थर असतो तो, दोन ठिकाणी आरपार तडकला होता. तो विटांच्या कडेशी संपत होता. खरं तर तो कडेच्या बाहेर आलेला हवा आणि त्याला खालून पागोळी तोडणारी खाच हवी, म्हणजे पाणी विटांवरून न ओघळता खाली पडतं. आमच्या चिमणीवर पाऊस सरळ विटांच्या तोंडावर येत होता.

पुढच्या फोटोपाशी बाबा थांबले.

"अगं, त्याला विचार, ही दरज सिमेंटने भरलीय का?"

"बाबा, तुम्हीच विचारा की. तो काही चावणार नाही."

त्यांनी विचारलं, आणि मग तासभर त्या दोघांची जी जमली ती बघण्यासारखी होती. झालं होतं असं, की घराच्या मूळ बांधकामात चुन्याचं प्रमाण जास्त असलेला मऊ मसाला होता. मधे कधीतरी कोणीतरी त्याच्यावर कडक पोर्टलँड सिमेंटच्या दरजा भरल्या. जुनी वीट मऊ. भिंतीत गेलेलं पाणी पूर्वी दरजांतून वाफ होऊन निघून जायचं, आता दरज त्याला वाट देत नाही. ते विटेतून बाहेर पडायला बघतं, तिथेच गोठतं आणि वीट फोडतं. म्हणून दरजा नव्या कोऱ्या दिसत होत्या आणि मधल्या विटा खोलगट झाल्या होत्या. बाबा म्हणाले, "आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारतात तेव्हा हेच होतं. तिथे बर्फ नाही एवढंच, पण ओल आत कोंडते आणि लोणा चढतो." त्या गृहस्थांनी माळ्यावर नेऊन आम्हाला तो लोणाही दाखवला. छपराखालच्या विटांवर पांढरी पूड, बोटाने पुसली की जाणारी. छताला पडलेल्या डागाचा उगम तिथेच होता.

मग कॅमेरा. लवचीक दांड्याच्या टोकाला दिव्यासकट छोटा कॅमेरा, आणि किती फूट आत गेला ते पडद्यावर दिसतं. चिमणीत दोन धुराडी आहेत. आधी फायरप्लेसचं. भाजक्या मातीच्या चौकोनी नळ्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येक साधारण दोन फुटांची. वरून तिसऱ्या सांध्यावर कॅमेरा थांबला. वरची नळी खालच्या नळीवरून बाजूला सरकलेली, मधला मसाला गळून पडलेला, आणि त्या फटीतून पलीकडची वीट स्पष्ट दिसत होती. त्याच्या खालच्या नळीला उभी तडा. फटीच्या कडेला काळा, डांबरासारखा चकचकीत थर होता. तो क्रिओसोट, लाकडाच्या धुरातून जमणारा आणि पेट घेणारा. म्हणजे आधीच्या मालकांनी बरीच ओली लाकडं जाळली असावीत. आग या फटीतून गेली की थेट लाकडी सांगाड्याच्या दिशेने जाते. त्यांनी तिथेच सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत या फायरप्लेसमध्ये काडीसुद्धा पेटवायची नाही. आणि लगेच पुढचं वाक्य, "पण तुम्ही तशीही वापरत नाही ना? मग यावर पैसे घालायची घाई नाही. डँपर, म्हणजे धुराड्याची झडप, बंद ठेवा, वर कॅप, म्हणजे झाकण, बसवा, झालं." लायनर, म्हणजे धुराड्याच्या आत बसवायची नळी, विकणं हा ज्याचा धंदा आहे त्याने हे सांगावं, याचं मला फार मोल वाटतं.

त्याच धुराड्यात वरच्या बाजूला भिंतीला चिकटलेली काटक्यांची अर्धी वाटी दिसली. चिमनी स्विफ्टचं जुनं, रिकामं घरटं. आपल्याकडच्या पाकोळ्यांच्या कुळातला हा पक्षी, काटक्या लाळेने चिकटवून उभ्या भिंतीला घरटं करतो. दक्षिण अमेरिकेतून हे पक्षी इथे एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात परततात. १९१८ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. एकदा घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली की ते हलवता येत नाही, पक्षी जाईपर्यंत थांबावं लागतं. कॅप बसवायची असेल तर पुढच्या दहा-बारा दिवसांत बसवा, असं त्यांनी बजावलं. अहवालात मात्र याचा उल्लेख नव्हता. मी कामाच्या गडबडीत असते आणि विसरले असते, तर एक अख्खा पावसाळी हंगाम उघड्या धुराड्याने काढावा लागला असता.

आता दुसरं धुराडं, आणि माझ्या मते हीच बाब आपल्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाची. आधीच्या मालकांनी जुना फर्नेस काढून नवा जास्त कार्यक्षमतेचा बसवला होता. त्याचा धूर प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर जातो, चिमणीत जात नाही. मागे उरला एकटा ४० गॅलनचा वॉटर हीटर. दोघांसाठी बांधलेल्या मोठ्या धुराड्यात त्या एकट्याचा धूर. या धंद्यातले लोक अशा हीटरला अनाथ म्हणतात. एवढ्या मोठ्या पोकळीत त्याचा धूर वर पोचेपर्यंत थंड होतो, त्यातली वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन बसते, ते पाणी आम्लयुक्त असतं आणि नळ्या व मसाला खात जातं. तळाचं साफसफाईचं दार उघडल्यावर आत मातीच्या नळ्यांच्या ढलप्यांचा ढीग होता. शिवाय थंड धुराड्याला ओढ नसते. धूर वर जायच्या ऐवजी घरात परतू शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असला तर त्याला रंगही नाही आणि वासही नाही.

बाहेरून फिरताना त्यांना आमच्या स्वयंपाकघराच्या हुडचं, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याचं, मोठं तोंड दिसलं होतं. "किती सीएफएमचा आहे?" त्यांनी विचारलं. ९०० चा. मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकणारा. मिरच्या भाजायच्या, फोडणी द्यायची, दिवाळीत तळण काढायचं, म्हणून आपण लोक मुद्दाम तगडा हुड घेतो. या गृहस्थांनी मग त्यांच्या कामाच्या यादीत नसलेली एक चाचणी केली. सगळ्या खिडक्या-दारं बंद करायला लावली, हीटर पेटता ठेवला, आणि तळघरात हीटरच्या माथ्यावर जिथे धूर पाइपात शिरतो तिथे धुराची बारीक कांडी धरली. धूर वर ओढला गेला. मग मी वर जाऊन हुड पूर्ण वेगात, दोन्ही बाथरूमचे पंखे आणि कपड्यांचा ड्रायर लावला. बाबा जिन्यात उभे राहून निरोप देत होते. कांडीचा धूर आधी रेंगाळला, मग सरळ बाहेर उलटून तळघरात पसरू लागला. हुड मंद केल्यावर थोड्या वेळाने पुन्हा वर जायला लागला.

म्हणजे हिवाळ्यात सगळं घर बंद असताना मी पुऱ्या तळत असते, तेव्हा बाहेर जाणाऱ्या हवेची भरपाई घर त्या चिमणीतून करत असतं, आणि हीटरचा धूर खाली ओढत असतं. इथल्या निवासी बांधकाम संहितेत ४०० सीएफएमच्या वरच्या हुडसाठी बाहेरून हवा आत घ्यायची वेगळी सोय सांगितलेली आहे, ती याच कारणाने. आमचा हुड बसवणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हुड बसवणारा हुड बघतो, प्लंबर हीटर बघतो, छपरावाला छप्पर बघतो. या तिन्हींचा संबंध जिथे येतो ते धुराडं बघणारा हा एकच माणूस आमच्याकडे आला. ज्यांच्या घरी नैसर्गिक ओढीवर चालणारा गॅसचा हीटर आणि मोठा हुड दोन्ही आहेत, त्यांनी बाकी काही नाही तरी एवढी चाचणी करून घ्याच. तोवर हुड चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

तक्रारीही आहेत. फोनला पहिल्यांदा कोणी उत्तर देत नाही, निरोप ठेवावा लागतो. अहवाल सांगितल्या दिवशी आला नाही, मला मागावा लागला. फोटो उत्तम, प्रत्येकावर किती फुटांवरचा ते लिहिलेलं, पण मजकूर तुटक आणि संक्षेपांनी भरलेला. तोंडी त्यांनी जितकं समजावून सांगितलं त्याच्या निम्मंही कागदावर नव्हतं. बाबा सोबत नसते आणि मी टिपणं घेतली नसती, तर मला पुन्हा फोन करावे लागले असते. दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचे पैसे वेगळे पडतात, हेही आधी सांगायला हवं होतं. घराची काळजी मात्र चांगली घेतली. फायरप्लेससमोर कापडं अंथरली, काजळीचा कणही गालिच्यावर पडला नाही.

अहवालात कामं तीन गटांत होती: आता, या वर्षात, आणि जमेल तेव्हा. पहिल्या गटात हीटरचं धुराडं, कॅप आणि फ्लॅशिंग. हीटरसाठी त्यांनी दोन मार्ग दिले. एकतर धुराड्यात योग्य मापाचा स्टेनलेस स्टीलचा लायनर सोडायचा. किंवा हीटर जुना झालाच आहे, तर त्याच्या जागी विजेवरचा हीट पंप हीटर घ्यायचा, म्हणजे ते धुराडं कायमचं बंद करता येतं. "दोन वर्षांत हीटर बदलणार असाल तर लायनरचे पैसे मला देऊ नका," हे त्यांचे शब्द. आम्ही दुसरा मार्ग धरला. दुसऱ्या गटात क्राउन नवा करणं आणि छपरावरच्या दरजा खरवडून मऊ, चुन्याच्या मसाल्याने पुन्हा भरणं. विटांवर काही लावायचंच असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं द्रव्य लावा, दुकानातला साधा सीलर किंवा रंग नको, तो ओल आत कोंडतो, हेही बाबांशी बोलताना त्यांनी सांगितलं. सगळं मिळून खर्च त्या दारातल्या माणसाच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आला, आणि प्रत्येक डॉलर कुठे जाणार ते फोटोत दिसत होतं.

विम्याबद्दल एक गोष्ट. वादळात झाड पडून किंवा वीज पडून चिमणी मोडली, तर घराच्या विम्यातून भरपाई मिळू शकते. वर्षानुवर्षांची झीज मात्र विमा भरून देत नाही. आमच्या क्राउनच्या तडा जुन्या होत्या, त्यांच्या आत शेवाळ होतं, तेव्हा दावा करण्यात अर्थ नव्हता. पण आता तारखेसह फोटो हाताशी आहेत. पुढच्या वादळात काही झालं तर आधी काय होतं ते दाखवता येईल.

तुमच्या भागात असा माणूस शोधताना चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाच्या यादीत आपला झिप कोड टाकून बघा. न्यू जर्सीत दुरुस्तीचं काम करणाऱ्याकडे राज्याची नोंदणी असावी लागते, तो क्रमांक १३ व्हीएचने सुरू होतो, तो मागून घ्या. फोनवर विचारा की कॅमेरा आत सोडणार का, माळ्यावर जाणार का, फोटो देणार का. ९९ डॉलरमध्ये झाडलोट आणि तपासणी दोन्ही करून देतो म्हणणारा बहुतेक वेळा दुरुस्ती विकायलाच येतो. आणि ऑक्टोबरमध्ये थंडी पडल्यावर फोन करू नका. तेव्हा सगळ्यांनाच चिमणीची आठवण होते, आणि पारा ४० अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की मसाल्याचं कामही नीट होत नाही. मार्चच्या शेवटी तारीख घ्या. हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो, तोवर निदान कॅप, क्राउन आणि फ्लॅशिंग उरकतं.